खालचं वाचता आलं पाहिजे

आमच्या घरात खोडरबर नव्हतं. मुलगी शाळेत होती तेव्हाही नव्हतं. पेन्सिलीच्या मागे गुलाबी रबर असलं, तर माझा नवरा ते चाकूनं कापून टाकायचा आणि मगच पेन्सिल तिच्या हातात द्यायचा. तो जहाजावर इंजिनिअर होता, आणि इंजिनरूमच्या लॉगबुकाचा नियम त्यानं घरी आणला होता. लॉगबुकात चुकीचा आकडा पडला, तर तो खोडायचा नसतो. वर पांढरं लावायचं नसतं, पान तर फाडायचं नसतंच. चुकलेल्यावर एकच सरळ रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर ते लिहायचं आणि त्यालगत आपली सही करायची.

किराण्याच्या यादीवरसुद्धा तो हेच करायचा. तूरडाळीवर रेघ, बाजूला मसूर, आणि सही.

"अहो, डाळीला सही कशाला?"

"उद्या तूच इचारशीन, तूर काहून नाही आणली म्हणून."

मुलीच्या वहीवर एकदा बाईंनी शेरा मारला, की रेघा मारू नयेत, चिकटवायची पांढरी पट्टी वापरावी. मुलगी तेव्हा आठ वर्षांची. ती बापाला इथल्या मुलांच्या इंग्रजीत, शेवटी 'ला' लावून, म्हणाली, "एव्हरीबडी यूजेस इट, ला, बाबा." त्यानं शेऱ्याखाली बारीक अक्षरात उत्तर लिहिलं, की आमच्या घरी चूक लपवत नाहीत. बाईंनी पुन्हा शेरा लिहिला नाही. मुलगी मात्र मैत्रिणीकडून पट्टी उसनी घेऊन वापरत होती. हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याला जाऊन आठ महिने झाले. बोलताना मी त्याला 'अहो' म्हणायचे, इथे लिहिताना 'तो' म्हणते आहे. आता तेवढं जवळ जायला हरकत नाही.

गेला तो सकाळी, या परदेशी बंदराच्या शहरात, तोआ पायोह भागातल्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये, बूट घालताना. इथल्या स्मशानाच्या भागाचं नाव मंडाई आहे. त्यावरचा त्याचा विनोद आमच्या ओळखीत सगळ्यांना पाठ होता: "सगळ्यांना एक दिवस मंडाईलाच जायचंय, अन् तेही पिशवी न घेता." त्या दिवशी गाडीत बसताना माझ्या हातात पिशवी होती. त्याची कागदपत्रं होती तिच्यात. मला ते वाक्य आठवलं आणि मी पिशवी मुलीकडे दिली.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती.

इथल्या बंदरावर आणि जहाजकंपन्यांत आयुष्य काढलेली मराठी माणसं आता एकेक करून निवृत्त होत आहेत, काही जात आहेत. त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित कराव्यात आणि इथल्या एका संग्रहात ठेवाव्यात, म्हणजे पुढे कोणालाही ऐकता येतील, असं आमच्यातल्या काही जणांनी ठरवलं. एक समिती झाली. समितीचे प्रमुख नवऱ्याचे जुने मित्र. समुद्रकाठच्या ईस्ट कोस्ट भागात त्यांचा कॉन्डो, म्हणजे महागडा फ्लॅट, आहे. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वहिनी. मुलाखती घ्यायला एक तरुण मुलगी यायची, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या जुरोंग ईस्टकडून, दोन गाड्या बदलून. ती संशोधक, स्वभावानं अबोल. हे काम तिनं हौसेनं अंगावर घेतलं होतं.

तीन शनिवार ती आमच्याकडे आली. शर्टाला लावायचा छोटा माइक नवऱ्यानं उलटासुलटा करून बघितला, कुठल्या बॅटरीवर चालतो विचारलं, आणि मगच लावून घेतला. संमतीचा फॉर्म तिनं पहिल्याच दिवशी पुढे केला. तो म्हणाला, "टाइप झालेलं वाचल्याशिवाय सही नाही. न वाचता सही केली, तर इंजिन बंद पडल्यावर मलेच धरतात."

टाइप होऊन आलं तेव्हा तो नव्हता. वारस म्हणून सही माझी लागणार होती. त्या सहीशिवाय मुलाखत संग्रहात जाणार नव्हती, आणि जी प्रत मी मान्य करीन तीच ठेवली जाणार होती. बाकीचं ध्वनिमुद्रण समिती पुसून टाकणार, असं सोबतच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं.

मी बरीच वर्षं एका शाळेच्या ग्रंथालयात काम केलं. आतली पानं गेलेलं पुस्तक मला हातात घेतल्यावर कळतं. हे बाड तसं होतं. पहिल्याच ओळीत नवरा म्हणत होता, "नमस्कार."

त्या पहिल्या शनिवारी मी स्वयंपाकघरात होते. माइक सुरू झाल्यावर तो काय म्हणाला ते मी या कानांनी ऐकलं होतं. तो म्हणाला होता, "जय भीम." मग हसून त्या संशोधक मुलीला विचारलं होतं, "चालते ना तुमच्या मशीनले?" आणि ती म्हणाली होती, "चालतं, काका. सगळं चालतं."

मी तिला फोन केला. पहिली ओळ वाचून दाखवली.

"काकू, ते मी केलेलं नाही. मी सगळं जसंच्या तसं टाइप करून दिलं होतं. समितीनं नंतर बघितलं."

"अजून काय काय बघितलं?"

"मी येते," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी आली आणि चपलाही न काढता दारातच एक पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. "पूर्ण आहे. तुमचंच आहे, काकू. मला विचारलं तर मी सांगेन, की मीच दिला."

तेव्हापासून माझा क्रम ठरला. माझी मुलगी ऑफिसला गेली की जेवणाच्या टेबलावर बसायचं, थोडं ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं. त्याच्या एका मिनिटाला माझी वीस मिनिटं जायची. मला घाई नव्हती. कानात आवाज होता तोवर माणूस खोलीत होता. मी कुकरच्या शिट्ट्याही लिहिल्या. खालच्या पटांगणात कोणीतरी चेंडू आपटत होतं, तेही लिहिलं. त्याचं खाकरणं, मध्येच "चष्मा कुठं ठेवला बाप्पा" असं स्वतःशी पुटपुटणं. समितीच्या प्रतीत यातलं काही नव्हतं. तिथे एक यशस्वी गृहस्थ छापील मराठीत आपल्या कारकिर्दीची माहिती देत होते. त्या गृहस्थांशी माझं लग्न झालेलं नव्हतं.

दुसऱ्या शनिवारच्या मुद्रणात संशोधक मुलगी त्याला पहिल्या जहाजाबद्दल विचारते. तो सुरुवात करतो: "तिथं एक मराठी माणूस होता..." आणि मागून एका बाईचा आवाज येतो.

"अहो, सोडा ना ते आता."

तो आवाज माझा होता. मी ते म्हटल्याचं मला अजिबात आठवत नव्हतं. पाहुणी घरात आहे, नको तो विषय, एवढंच माझ्या मनात आलं असणार, भाजी हलवता हलवता. त्यानंतर नुसती शांतता आहे. मी यंत्रावर मोजली. नऊ सेकंद. मग तो म्हणतो, "बरं. पुढचं घ्या."

आठवडाभर समितीवर मनातल्या मनात चिडत होते. पहिली कात्री माझीच होती हे तेव्हा कळलं. त्या दिवशी मी पुढे ऐकू शकले नाही.

तिसऱ्या शनिवारी मी बाजारात गेले होते. मुद्रणात दार लागल्याचा आवाज आहे. ते मीच लावलेलं. मग तो म्हणतो, "गेल्या वेळी राहिलं ते आधी घ्या. ती मासे घ्यायला गेली आहे, अर्धा तास आहे आपल्याजवळ."

पुढच्यातलं मुख्य तेवढं मी त्याच्याच शब्दांत उतरवते.

"मी सगळ्यात धाकटा इंजिनिअर. सेकंड इंजिनिअर मराठी निघाला. मले असा आनंद झाला, सांगतो तुम्हाले, जसं गावचंच कोणी भेटलं. त्याच्याजवळ घरच्या लोणच्याची बरणी होती. मेसच्या टेबलावर राहायची. बाकीच्यांना तिखट लागायचं, म्हणून आम्ही दोघंच खायचो. पंधरा-वीस दिवस झाले. एक दिवस जेवता जेवता त्यानं इचारलं, गाव कोणतं. मी सांगितलं. म्हणे, गावात कुठं राहता? मी सरळ सांगितलं, नदीच्या अंगाला, आमचा मोहल्ला वेगळा. त्यानं मान हलवली. भात संपवला. दुसऱ्या दिवशी बरणी टेबलावर नव्हती. एक शब्द वाकडा बोलला नाही हो. काम नीट शिकवलं, रिपोर्टही चांगला दिला. फक्त बरणी त्याच्या केबिनमध्ये गेली. आठ महिने आम्ही एकाच टेबलावर जेवलो."

संशोधक मुलगी काहीतरी विचारते, नीट ऐकू येत नाही. मग तो म्हणतो:

"लोणच्याचं काय घेऊन बसता. पण त्या दिवसापासून मी गाव सांगणं बंद केलं. कोणी इचारलं की जिल्हा सांगतो. घरच्यांना फोनवर जय भीम, अन् खाली लिफ्टमध्ये मराठी माणूस भेटला की नमस्कार. पोरीलेही तेच शिकवलं. तिला तिच्या आज्याचं गाव माहीत नाही. हे मी खोडलं. रेघ नाही मारली, पार खोडलं, कागद पातळ होईपर्यंत. आता बाजूला लिहितो आहे. तुमचं टायपिंग झालं की सही करतो."

समितीनं हे सगळं कापलं होतं. गाव, नदी, बरणी, आणि त्यानंतरची कबुली. अकरा पानं भरतील एवढा मजकूर.

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मी उठून पेनाला नवी रिफिल घातली.

मुलीला संध्याकाळी सांगितलं. ती थकून आली होती.

"आई, साइन करून टाक ना. जी कॉपी आहे ती इज गुड इनफ."

"त्यात तुझा बाप नाहीये."

"माझ्या ऑफिसमध्ये एवढे मराठी लोक आहेत. कोणीतरी ऐकेल, मग टॉक होईल. मलाच फेस करावं लागेल ना, तुला नाही, ला."

तिचं चूक नव्हतं. तिला आम्हीच तसं वाढवलं होतं. मी वाद घातला नाही. हेडफोन तिच्या हातात दिला आणि जागा काढून ठेवली होती तिथून सुरू केलं. ती उभ्यानंच ऐकत होती, खांद्याला बॅग तशीच. बापाचा आवाज इतक्या महिन्यांनी कानात पडल्यावर तिनं एक हात टेबलावर टेकवला. संपल्यावर म्हणाली, "कुठलं गाव?"

मी सांगितलं. तिनं मला दोनदा म्हणायला लावलं. मग फोनवरच्या नकाशात शोधत बसली. सापडलं तेव्हा मला दाखवलं. घरं पुसट होती, नदी निळी होती. "हे नदीच्या बाजूचं, म्हणजे हे?" तिनं बोट ठेवून विचारलं. मी म्हटलं, हो, हे.

त्यानंतर तिनं सही करण्याबद्दल काही म्हटलं नाही.

भाऊजी पुढच्या रविवारी सकाळी आले, पपई घेऊन. त्यांच्याबद्दल मला खोटं लिहायचं नाही. नवरा गेला त्या दिवशी सर्वांत आधी तेच धावत आले होते. कागदांसाठी रांगेत तेच उभे राहिले, भंतेजींना आणायला तेच गेले. ते वाईट माणूस असते तर मला सोपं गेलं असतं.

"वहिनी, या महिन्यात सगळ्या मुलाखती एकत्र द्यायच्यात," ते म्हणाले. "तुमची एकच राहिली आहे."

मी त्यांच्यापुढे वही ठेवली. अकरा पानं, माझ्या अक्षरात. कुठल्या पानानंतर काय जोडायचं ते समासात लिहिलं होतं. त्यांनी चष्मा बदलला आणि वाचलं. सगळं वाचलं, हे कबूल करायला हवं.

"हे कोणी दिलं तुम्हाला, ते विचारत नाही," ते म्हणाले. "पण मला सांगा, हे कशाला? इथे आपण सगळे फक्त मराठी. हे समुद्रापलीकडे ठेवून आलो आपण."

"तो बरणीवालाही मराठीच होता, भाऊजी. आणि ते समुद्रावरच घडलं."

"अहो, एका लोणच्यासाठी एवढं? मी उद्या बरणीभर आणून देतो तुम्हाला." ते हसले. विनोद होता तो.

"बरणी आहे घरात," मी म्हटलं.

ते पानं उलटू लागले. एका ठिकाणी थांबले. तिथे माझं वाक्य होतं, 'अहो, सोडा ना ते आता', त्यावर एक रेघ, आणि बाजूला माझी सही.

"हे तर तुमचंच वाक्य. हे तरी काढून टाका, वहिनी. लोक तुम्हाला नावं ठेवतील."

"रेघ मारली आहे."

"पण वाचता येतंय."

"वाचता यायलाच हवं. मी त्याला गप्प केलं, हेही झालंय. ते काढलं, तर पुढच्या नऊ सेकंदांत तो गप्प का बसला ते कोणाला कळणार नाही."

त्यांनी फॉर्म काढला. त्यावर छापलं होतं, की मुलाखतीची संपादित प्रत जतन करण्यास माझी संमती आहे. मी पेन घेतलं. 'संपादित' या शब्दावर एक सरळ रेघ मारली. वर लिहिलं 'संपूर्ण'. त्यालगत छोटी सही केली, आणि खाली मोठी.

"फॉर्मवर खाडाखोड चालत नाही," ते म्हणाले.

"ही खाडाखोड नाही. खालचं वाचता येतं."

"आणि समितीनं नाही म्हटलं तर?"

"मग दुसरा कोरा फॉर्म आणा. त्यावरही हीच रेघ पडेल. तिसऱ्यावरही. तोवर पुसायचं काही नाही, कारण पूर्ण प्रत आता माझ्याकडे आहे, मुलीकडे आहे, आणि नागपूरला माझ्या भावाकडे आहे."

ते चहा न पिता उठले. फॉर्म आणि वही टेबलावरच होती. दारात चप्पल घालताना त्यांना एकदम लागल्यासारखं झालं असावं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, इतकी वर्षं तुम्ही दोघं आमच्याकडे फराळाला आलात. आमच्याकडे कधी असं काही...?"

"नाही," मी म्हटलं. "तुमच्याकडे बरणी टेबलावरच असायची. म्हणून तर हे तुम्हीच घेऊन जा म्हणते आहे. दुसऱ्या कोणाच्या हाती मी दिलं नसतं."

त्यांनी पायात घातलेली एक चप्पल पुन्हा काढली. मग आत आले, वही उचलली, फॉर्म तिच्यात घातला, आणि गेले.

पुढचे दिवस मी वाट बघितली असं म्हणणार नाही. नकार आला तर पुढे काय, याची यादी करत होते. कोणाला पत्र लिहायचं, कोणाचं दार वाजवायचं. शांत बाई म्हणून माझी ख्याती आहे. शांत माणसाला पत्रं चांगली लिहिता येतात.

पत्र लिहावं लागलं नाही. महिना संपता संपता जुरोंगच्या मुलीचा निरोप आला: "काकू, आज दिलं. पूर्ण. पहिल्या शब्दापासून." समितीत काय झालं, भाऊजी काय बोलले, मला माहीत नाही. त्यांचा फोन आलेला नाही. मीही केलेला नाही. पपई पिकली तेव्हा आम्ही खाल्ली, गोड होती.

परवा खाली लिफ्टपाशी उभी होते, फोनवर भावाशी बोलत. शेजारी एक बाई होती, नवव्या मजल्यावर नवीनच आलेली, हातात भाजीची पिशवी. माझं बोलणं ऐकून तिचा चेहरा खुलला. फोन ठेवल्यावर लगेच म्हणाली, "अय्या, तुम्ही मराठी? किती बरं वाटलं. कुठल्या तुम्ही?"

जिल्ह्याचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं, सवयीनं.

मी सासरच्या गावाचं नाव सांगितलं. तिनं ते ऐकलेलं नव्हतं. लिफ्ट यायला वेळ होता, म्हणून मी पुढचंही सांगितलं, तिनं विचारलं नव्हतं तरी. "नदीच्या अंगाला. आमचा मोहल्ला वेगळा."